सातव्या पानावरची खूण

प्रिय अनू आणि निखिल,

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, "आजी, तू लेझर पाहिला आहेस का?" उत्तराला सहा आठवडे लागले, कारण ते एका ओळीचं नाही. लेझर मी पाहिलेला नाही. पण लेझरने काम केलेली एक वस्तू पाहिली आहे. तिच्यापायी तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी नागपूरहून कोल्हापूरला जाऊन पाच आठवडे राहिले आणि तिच्यावर इंग्रजीत अहवालही लिहिला. त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आजही कळलेलं नाही.

आत्ता लिहायला बसले ते वसंताच्या पत्रामुळे. वसंता म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याची कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत लहानशी फौंड्री आहे. त्याने कळवलं आहे की ती वस्तू आता राहिली नाही. मला जे नीट समजलं ते मी दहा वर्षांनीही सांगू शकेन. जे समजलं नाही ते आधी पुसट होतं. तेव्हा प्रवासातली वही शेजारी उघडी ठेवून सगळं लिहून काढते.

शिरोली

वसंताचं बोलावणं चार ओळींचं होतं. "मंजूचं पत्र आलं आहे. अकरा पानं, इंग्रजी. अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. तू ये." मंजू म्हणजे मंजिरी, त्याची मुलगी, तुमची मावशी. ती मुंबईकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत संशोधन करते, आणि तिथल्या सूचना इंग्रजीतच निघतात. मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा अकरा पानांचं मला काय भय? वहीला समास आखून, दोन पेन्सिली टोकदार करून मी निघाले.

कोल्हापुरात पहाटे उतरले. वसंता न्यायला आला होता, पण घरी न नेता आधी गंगावेशीत घेऊन गेला. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. न तापवता. नागपूरला आमच्याकडे दूध तीनदा उकळल्याशिवाय मी कुणाला देत नाही. मी पेला हातात धरून उभी राहिले.

"घ्या की पावणं," गवळी ओरडला. खरंच ओरडला, इथे प्रेमाने बोलायचं झालं तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. "म्हस तुमच्याकडंच बघाय लागलीय. नावं ठेवंल ती!"

मी प्यायले. काही झालं नाही. पण त्या पहिल्या पेल्यापासून मी गोंधळले ती गोंधळलेलीच राहिले.

वसंताच्या फौंड्रीत बीड ओततात. बीड म्हणजे ओतीव लोखंड. जमीन सगळी काळ्या वाळूची, आणि चालताना पाय रुततो. तिथे उसाच्या चरकाचे रोलर तयार होतात. रोलर म्हणजे मोठ्या लाटण्यासारखा लोखंडी दंडगोल. तसे तीन जवळजवळ बसवतात, मधून ऊस घालतात, रस खाली पडतो आणि चिपाडं पलीकडे बाहेर येतात. बिडाचे रोलर झिजतात. नदीकाठच्या उसाला माती असते आणि ती माती लोखंड खाते. हे मला समजलं.

यापुढचं मंजूचं. तिने एक रोलर मुंबईला मागवून घेतला होता, आणि त्याच्या निम्म्या लांबीवर लेझरने सिरॅमिक मिसळलेला लेप चढवून परत पाठवला होता. उरलेला निम्मा तसाच, साध्या बिडाचा. दोन्ही भाग घासून एका मापाचे केलेले. हा रोलर खऱ्या गुऱ्हाळात खऱ्या उसावर चालवायचा, कुठला भाग किती झिजतो ते मोजायचं आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत अहवाल पाठवायचा. तिला स्वतःला येता येत नव्हतं, कारण लेझरच्या यंत्रावर ठरावीक आठवडेच तिची पाळी असायची. तिच्या वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं की प्रयोगशाळेतल्या चाचण्या पुरे झाल्या. या अहवालात काही दिसलं तर काम पुढे, नाहीतर तिची पाळी दुसऱ्याला. तीन वर्षांचं काम या एका लाटण्यावर येऊन थांबलं होतं.

"सिरॅमिक म्हणजे कपबश्या ना?" मी वसंताला विचारलं.

"तसंच काहीतरी."

"लोखंडाला कपबशी लावून लोखंड मजबूत कसं होईल?"

"म्हणून तर तुला बोलावलं," वसंता म्हणाला.

तिथेच बाबालाल मिस्त्रींची ओळख झाली. वय साठीच्या पुढे, डोक्याला मळकी टोपी, बोटं जाड आणि काळी. वसंताकडे पहिल्या दिवसापासून लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, आहेत. त्यांचं घराणं हत्यारांना धार लावणारं. मंजू लहानपणी यांच्याच बाकाखाली खेळली. मी "लेझर म्हणजे उजेड" असं पहिल्या पानावरून वाचून सांगितलं, तेव्हा ते वसंताकडे बघून हसले.

"उजेडानं बीड वितळतंय म्हणं! मग मालक, भट्टी बंद करा की. छपराचं पत्रं काढू, ऊन येऊ दे."

वसंताने खिशातून भिंग काढलं आणि कागद जाळून दाखवला. कागद जळला, माझी समजूत तिथेच राहिली. बाबालालनी एका तुटक्या ओतकामावर बोट घासून माझ्यासमोर धरलं. बोट काळं झालं होतं, शिसपेन्सिलीने व्हावं तसं.

"बघा आक्का. बीड म्हंजे निम्मी पेन्सिल हाय. आत काळं शिसं. म्हणून मऊ, म्हणून झिजतंय. त्येच्यावर पोरीनं काय फासलंय ते अल्लाला म्हाईत."

पहिल्या पानाच्या शेवटी एक वाक्य अधोरेखित होतं. लेप दिलेल्या भागाला छिन्नी, कानस किंवा दुसरं कुठलंही हत्यार लावू नये. मी ते मराठीत मोठ्याने वाचलं, शाळेतल्या सूचनेसारखं, आणि वसंताने सगळ्यांना दोनदा बजावलं. बाबालाल तेव्हा हात पुसत होते. हात बराच वेळ पुसत राहिले. हे मला नंतर आठवलं.

शालनचं स्वयंपाकघर

वसंताची बायको शालन आजऱ्याची. माहेरहून येणारा बारीक, वासाचा घनसाळ तांदूळ ती पाहुण्यांसाठी राखून ठेवते. भात शिजायला लागला की वास अंगणापर्यंत येतो. नागपूरला आम्ही भाताला भात म्हणून जेवतो. इथे नुसता भात वाढून शालन माझ्या तोंडाकडे बघत बसली, वरण वाढेचना. "आधी नुसता खा वन्सं, मग वरण." खाल्ला. तिचं बरोबर होतं.

रोज दुपारी मी ओट्याजवळ पाट टाकून भाषांतर करायची. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. पहिलं पान पूर्ण झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मुलींना मी हेच शिकवलं: उडी मारून शेवट वाचणाऱ्याला मधलं कधीच येत नाही. पहिल्या दिवशी दोन पानं झाली, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. प्रत्येक शब्द ओळखीचा होता, आणि वाक्य संपलं की हातात काही उरत नव्हतं. 'धातूच्या आधारद्रव्यात कठीण कण विखुरलेले राहतात.' हे मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

"काय विखुरलंय?" शालनने विचारलं. ती गुळाच्या पाकात शेंगदाणे ओतत होती.

मी वाचून दाखवलं. धातूची पूड आणि सिरॅमिकची पूड एकत्र. उजेडाने धातू वितळतो, सिरॅमिकचे कण वितळत नाहीत. मग धातू गार होतो आणि कण त्यात अडकून राहतात.

"म्हणजे चिक्कीच की, वन्सं," ती म्हणाली आणि ताटात पाक पसरला.

अकरा पानांतलं मला खरोखर समजलेलं एवढंच, आणि ते पत्रात नव्हतं.

कोडोली

तिसऱ्या दिवशी सकाळी फौंड्रीत पोचले तर रोलरची जागा रिकामी. वसंता म्हणाला, ट्रॅक्टर लवकर आला, रोलर कोडोलीच्या गुऱ्हाळात गेला. उद्या आपण जाऊ. मी बाकावर बसून पाचवं पान संपवलं, सहावं संपवलं, आणि दुपारी चहाच्या वेळी सातवं उघडलं.

सातव्या पानावर लिहिलं होतं: दोन्ही भाग दिसायला सारखे असल्यामुळे लेप दिलेल्या बाजूच्या टोकावर ठोकून एक बारीक ठिपका केला आहे. रोलर बसवण्यापूर्वी हा ठिपका पाहून बाजू नोंदवून ठेवावी.

"वसंता, रोलरच्या टोकाला ठिपका होता का?"

वसंताने बाबालालना हाक मारली. बाबालाल म्हणाले, टोकांना तर काल रंग दिला. कोल्हापुरात म्हणे नवं यंत्र उघड्या लोखंडाचं कुणी दारात नेत नाही. टोकांना जाड शेंदरी रंग फासूनच पाठवतात, नाहीतर शेतकरी म्हणतो जुनाच माल धुऊन आणला. ठिपका असेल तर त्या रंगाखाली.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा डाव्या हाताला ठेवून आम्ही कोडोलीला पोचलो, तोवर रोलर चरकात बसला होता. एका टोकाला गिअर, दुसऱ्या टोकाला बेअरिंग, दोन्ही टोकं झाकलेली. चरक सुरूही झाला होता. इंजिन धडधडत होतं, आणि पूजा झालेला नवा रोलर ऊस खात होता.

गुऱ्हाळाचे मालक तातोबा, धिप्पाड, मिश्या पिवळट झालेल्या. मंजूने हेच गुऱ्हाळ मागितलं होतं, कारण यांचा ऊस नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतला, आणि यांचे रोलर तालुक्यात सगळ्यांच्या आधी झिजतात. तातोबांना याचा अभिमान होता.

"रोलर परत काढायचा?" ते वसंतावर गरजले. "पावणं, काहिलीत रस उकळाय लागलाय. आता चरक थांबला तर काहीलभर आदण वाया गेलं. काढा म्हणं! आता हंगाम संपल्यावर काढायचा."

वसंता माझ्याकडे बघायला लागला. शिक्षण माझ्याकडे होतं, पत्र माझ्याकडे होतं. पत्राच्या कोपऱ्यात एक चिमुकलं चित्र होतं: आडवा चौकोन, मध्ये रेघ, उजवा निम्मा भाग तिरप्या रेघांनी भरलेला. दांडा, गिअर, काही नाही. मी ऊस घालतात त्या बाजूला उभी राहिले, चित्र समोर धरलं आणि म्हणाले, "उजवीकडचा लेपाचा." वहीत तसं लिहून खाली तारीख घातली. तारीख घातली की मला ती गोष्ट खरी वाटायला लागते, हा माझा जुना दोष.

तातोबांनी मग आम्हाला गुऱ्हाळ दाखवलं. चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर दोन माणसं झोपतील एवढी काहील. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, भेंडीच्या चिकट पाण्याने रसाची मळी वर आणतो आणि झाऱ्याने काढतो. गरम काकवी आणि भाकरी हातावर दिली. नागपूरला आम्ही गुळाला गोडात खालचा मानतो. तिथे ताटलीही न घेता उभ्या उभ्या मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तीन आठवडे

त्यानंतर दर चार दिवसांनी आम्ही कोडोलीला जायचो. चुलवाणातली राख काढायला दुपारी चरक थोडा वेळ बंद असे. तेवढ्यात वसंता कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, लावायचा, आकडे ओरडायचा, मी लिहायची. डावा, उजवा. पहिल्या दोन वेळा फरकच नव्हता. तिसऱ्या वेळी केसाएवढा होता आणि मी तो आनंदाने लिहिला, मग आकडे पुन्हा पाहिले. जास्त झिजला होता तो उजवा.

मी वसंताला म्हटलं, पुन्हा मोज. त्याने पुन्हा मोजलं. तेच.

चौथ्या वेळी कॅलिपरची गरजच पडली नाही. तातोबा आमची वाट बघत उभे होते, दोन्ही मुठींत चिपाडं घेऊन. "हात लावा," म्हणाले. डाव्या मुठीतलं चिपाड कोरडं, चरचरीत. उजव्या मुठीतलं दमट.

"उजवीकडं फट पडलीया. रस चिपाडातच ऱ्हातोय आणि चुलीत धूर व्हतोय. काय ओ आक्का, तुमच्या भाचीनं मलम लावलं ते दुखण्याला का नुसतं दिखाव्याला?"

परतताना जीप वसंता चालवत होता. मंजूच्या लेपापेक्षा त्याचं साधं बीड सरस ठरलं होतं. फौंड्रीवाल्याला याचा आनंद व्हावा. बापाचं तोंड बघवत नव्हतं.

पुढच्या खेपेला तातोबांनीच उपाय सांगितला. "त्यात काय अवघड हाय? न्हाय झिजला त्यो लेपाचा. नाव बदला की कागदावर."

"तसं करता येत नाही," मी म्हटलं.

"का? पोर तुमचीच न्हवं?"

का, ते मला त्यांना धड सांगता येईना. लेप चांगला आहे का, हाच प्रश्न. जो चांगला टिकला तोच लेपाचा असं आधी ठरवलं, तर प्रश्न विचारलाच नाही असं होतं. निकाल बघून उत्तरपत्रिकेवरचं नाव बदलायचं, हे एकतीस वर्षांत मी केलं नव्हतं. पण दुसरीकडे असंही वाटे की चूक माझ्याच चित्रवाचनात असेल तर मंजूचं काम मी माझ्या ताठपणात बुडवते आहे. तीन मिनिटांचा ट्रंक कॉल लावला. घरघरीतून मंजूचा आवाज आला, "आत्या, दोन्ही टोकं अगदी सारखी होती गं, म्हणून तर खूण केली. चित्र नुसतं समजायला काढलंय, बाजू दाखवायला नाही. खूण बघा ना!" मी खुणेचं सांगेपर्यंत वेळ संपली.

म्हणजे उजवीकडे लेप आहे हे मला माहीत नव्हतं. डावीकडे आहे हेही माहीत नव्हतं. मी गिअरच्या मागे डोकं घालून शेंदरी रंग दिसतो का पाहिलं, पण ते टोक पूर्ण झाकलेलं. अहवालाला चार दिवस उरले.

पुन्हा शिरोली

शेवटी मी अहवाल लिहिला. आकडे लिहिले, आणि वाक्य लिहिलं की उजवा, बहुधा लेप दिलेला, भाग अधिक झिजला. 'बहुधा' लिहून माझं समाधान होईना. पाठवण्याआधी फौंड्रीत सगळ्यांना मराठीत वाचून दाखवावा, असं मी वसंताला म्हटलं. ज्यांनी रोलर ओतला, घडवला, त्यांना निकाल कळायला हवा. चहाच्या वेळी पेटीवर बसून मी वाचायला लागले.

"उजवीकडचा, लेप दिलेला भाग..."

"उजवीकडं लेप न्हाईच," बाबालाल म्हणाले.

चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला होता. वसंता म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला काय माहीत?"

"उजवीकडं साधं बीड हाय मालक. लेप गिअरकडं. गिअर डावीकडं बसलाय न्हवं?"

"हो, पण..."

"मग झालं. मीच ठेवलाय त्यो तिकडं."

मी वही बंद केली. "मिस्त्री, सुरुवातीपासून सांगा. सावकाश."

ते उठले, बाकामागे गेले आणि फडक्यात गुंडाळलेली एक कानस घेऊन आले. तुम्ही कानस पाहिली नसेल: लोखंड घासायची लांब पट्टी, अंगावर बारीक दाते. ही मधोमध बोटभर गुळगुळीत झाली होती. मी बोट फिरवलं. बोट सरळ घसरलं.

"माझ्या हातात कुठलाबी माल आला की आधी कानस लावतो," बाबालाल म्हणाले. "माझा बाप लावायचा. लोखंड किती कडक, कानसच सांगती. तुम्ही यायच्या आदल्या दिशी पेटी फोडली. दोन्ही टोकांजवळ एकेक हात मारला. एकीकडं कानस धरली, बिडावर धरती तशी. दुसरीकडं, आक्का, काचंवरनं गेल्यागत सटकली. परत दाबून मारली. तर कानसच मेली. रोलरवर ओरखडाबी न्हाई. म्हणलं ह्योच लेप. दांड्याला गिअर अडकवायची खाच मलाच पाडायची हुती, दोन्ही टोकं कोरी. गिअरकडं जोर जास्ती, म्हणून कडक बाजूला खाच पाडली."

"मग आजवर बोलला का नाहीत?" वसंताचा आवाज चढला. "महिना झाला, मिस्त्री! पोरीचं काम जायची वेळ आली!"

"तुमीच वाचून दावलं की! हत्यार लावायचं न्हाय, कानस लावायची न्हाय. मी तर लावून बसलो हुतो." म्हातारा माणूस माझ्याकडे न बघता बोलत होता. "मला वाटलं माझ्या हातनं पोरीचा लेप बिघडला. रोज वाटायचं, आज निकाल कळंल. आणि कुठली बाजू म्हणून कुणी इचारलंच न्हाई मला. सगळं कागदात लिवलंय म्हणायचा तुम्ही."

 मला माझी सहा पानं दिसत होती, एकामागून एक, सुवाच्य, समासासकट. सातवं पान पहिल्याच दिवशी चाळलं असतं तर. किंवा रोलर ज्यांच्या हाताखालून गेला त्यांना एक प्रश्न विचारला असता तर. मी दोन्ही केलं नव्हतं.

"चूक माझी आहे, मिस्त्री," मी म्हटलं. "तुमची नाही."

"आता तुम्ही मोठ्या. तुमची कशी चूक?"

"मोठी आहे म्हणूनच."

वसंताने त्यांचा थंड चहा टाकून दुसरा आणायला सांगितला. त्याच्या परीने ती माफी होती.

त्या संध्याकाळी मी जुना अहवाल फाडला नाही. तसाच ठेवला आणि नवा लिहिला. त्यात सगळं घातलं. खूण मी वेळेवर वाचली नाही हे. टोकांना रंग दिला हे. मी चित्रावरून अंदाजाने उजवी बाजू नोंदवली, ती चूक होती, हे. आणि चाचणी सुरू होण्याच्या आधी, निकाल कुणालाच माहीत नसताना, एका अनुभवी कारागिराने नियम माहीत नसल्यामुळे दोन्ही भागांना कानस लावली. त्यावरून लेपाची बाजू गिअरची, म्हणजे डावी. गिअरकडे जोर जास्त असूनही तीच कमी झिजली. शेवटच्या मोजणीत मधल्या सांध्यावर, लेपाच्या कडेला, केसासारखा एक तडा दिसला होता आणि नखाएवढा पापुद्रा उडाला होता, तेही लिहिलं. वसंता म्हणाला, पापुद्र्याचं कशाला? मी म्हटलं, मग बाकीच्यावर कोण विश्वास ठेवील?

पुरावा म्हणून कानसही पार्सलमध्ये घातली. बाबालालनी ती द्यायला खळखळ केली. "मेलेली कानस बघून साहेब हसतील," म्हणाले.

आठ दिवसांनी, माझ्या निघण्याच्या आदल्या सकाळी, मंजूचा फोन आला. तिच्या साहेबांनी कानस सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती आणि मंजूला बोलावून दाखवली होती. दाते कशाने घासले गेले ते तिथे दिसत होतं म्हणे. कसं, ते तिने सांगितलं आणि मला कळलं नाही. काम चालू राहणार होतं. तड्याचं वाचून साहेब सगळ्यात खूश झाले होते, हे तर मला मुळीच कळलं नाही. आता पुढे बीड आधी गरम करून मग लेप द्यायचा, म्हणजे तडकणार नाही, असं ती म्हणाली. मी ते मोठ्याने सांगितलं, तशी शालन आतून म्हणाली, "मी ताट गरम करूनच पाक ओतते की."

हंगाम संपल्यावर वसंताचं कार्ड आलं. रोलर काढला, रंग खरवडला. ठिपका गिअरच्या टोकाला होता.

आता वसंताचं परवाचं पत्र. एक बाजू झिजलेला, एक न झिजलेला असा तो रोलर कुठल्याच चरकात नीट चालेना. मंजूने लेपाच्या बाजूची एक चकती कापून नेली. उरलेला तेव्हापासून फौंड्रीच्या दाराशी पडून होता. गेल्या महिन्यात त्याने तो भट्टीत घातला. बीड पुन्हा वितळतं, फुकट जात नाही. त्याचे आता दुसरे रोलर झाले असतील.

माझ्या वहीत दोन्ही अहवालांच्या प्रती आहेत. कानस प्रयोगशाळेने परत पाठवली. शिरोलीला बाबालालच्या बाकामागे ती खिळ्याला टांगलेली आहे. मधल्या बोटभर जागेत दाते नाहीत.

तुमची,
आजी